चित्रनिर्मात्याचा संसार

आमचें घर धाराशिवांतलें. तीन भावांचें आणि एका चुलीचें. गेल्या दिवाळींत पाडव्याच्या दिवशीं जेवणें आटोपून मंडळी सोप्यांत विडा घेऊन बसली असतां आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा उठून उभा राहिला. वय अठ्ठावीस, पुण्यास शिकलेला, तीन वर्षांपूर्वीं लग्न झालेला. तो म्हणाला, "अण्णा, एक मागणें आहे. तेरजवळची आपली चार एकर जमीन विकावी आणि ते पैसे मला द्यावे. मला मराठी चित्रपट काढावयाचा आहे."

मग घरांत जें व्हावयाचें तें झालें. धाकटे बंधू, म्हणजे मुलाचे वडील, ताडकन् म्हणाले, "सिनेमानें कोणाचें घर वर आलें आहे?" मधल्या बंधूंनीं अडकित्ता खालीं ठेवला. माजघराच्या दारांत आमच्या भावजया उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागें मुलाची पत्नी. त्यांपैकीं कोणी कांहीं बोललें नाहीं, व त्यांस कोणीं विचारलेंही नाहीं. शेवटीं साऱ्यांनीं आमच्याकडे पाहिलें. घरांत वडील म्हणून निर्णय आमचा; आणि तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें म्हणून प्रत्येक प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं असावें, असा घरांत एक समज आहे. तो खोडून काढण्याचें धैर्य आम्हांस आजवर झालें नाहीं. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

वास्तविक चित्रपटाविषयीं आमचें ज्ञान तें किती! आमच्या लहानपणीं येरमाळ्यास येडेश्वरीची चैत्री यात्रा भरे, तींत तंबूंतला सिनेमा येई. जमिनीवर बसून, मानेला रग लागेपर्यंत वर पाहत, यंत्राची घरघर ऐकत आम्हीं देवादिकांचीं चित्रें पाहिलीं. पडद्यावर देव प्रकट झाला कीं म्हाताऱ्या बायका हात जोडीत, आणि ऐन वेळीं फीत तुटली कीं तेच हात कपाळाला लावीत. तंबू कोणाचा हें सर्वांस ठाऊक असे. परंतु तें चित्र कोणीं काढलें, त्यासाठीं पैका कोठून आणला, आणि तो आणतांना त्याच्या घरांत काय झालें, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नाहीं. आतां तोच प्रश्न आमच्या सोप्यांत येऊन बसला होता. आमच्यासारखा मनुष्य व्यवहारांत अडला कीं पोथी सोडतो. आम्हींही तेंच केलें, आणि दादासाहेब फाळके यांचें चरित्र काढून बसलों. या देशांत चित्रपटाचा धंदा ज्यांनीं उभा केला ते दादासाहेब, हें एक कारण. आणि तेही शास्त्र्याच्याच घरचे, हें दुसरें.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील दाजीशास्त्री हे व्युत्पन्न पंडित. पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजांत त्यांस अध्यापकाचें काम मिळालें आणि बिऱ्हाड मुंबईस आलें. मुलानें वडिलांची विद्या घेतली नाहीं. १८८५ सालीं तो जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला, आणि तेथून बडोद्याच्या कलाभवनांत गेला. चित्रकला, छायाचित्रण, छपाईचे ठसे करण्याची कला, एवढेंच नव्हे तर जादूचे प्रयोगही तो शिकला, आणि स्वतःचें आडनांव उलटें फिरवून 'प्रोफेसर केल्फा' या नांवानें ते प्रयोग लोकांस दाखवूं लागला. आमच्या पुतण्यानेंही आजवर तीन धंदे पालटले आहेत. तेव्हां हें वाचतांना आमच्या बंधूंची मुद्रा आमच्या डोळ्यांपुढें येत होती.

परंतु हौसेनें धंदे पालटणें वेगळें, आणि दैवानें पालटावयास लावणें वेगळें. गोध्रा येथें फाळक्यांनीं छायाचित्रांचें दुकान घातलें. तेथें प्लेगमध्यें त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोन्हीं गेलीं. १९०२ सालीं दुसरा विवाह झाला. त्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. १९०३ मध्यें सरकारी पुराणवस्तु खात्यांत नोकरी धरली, ती स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली. मग छापखाना, आधीं लोणावळ्यास, नंतर दादरला. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठीं १९०९ सालीं जर्मनीची वारी झाली. छापखाना नांवारूपास आला, आणि भागीदारांशीं बेबनाव होऊन तोही सुटला. चाळिशी उलटलेली, घरांत लहान मुलें, हातीं धंदा नाहीं, अशा स्थितींत हा गृहस्थ मुंबईच्या एका चित्रगृहांत ख्रिस्ताच्या चरित्राचें मूकचित्र पाहावयास गेला.

पडद्यावर ख्रिस्ताचें चरित्र चाललें होतें, आणि यांच्या मनापुढें राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभीं राहत होतीं. हें त्यांनीं स्वतःच पुढें 'नवयुग' मासिकांतील लेखांत सांगून ठेविलें आहे. आपल्या देशाचीं चित्रें आपल्या माणसांनीं काढलेलीं अशीं या पडद्यावर कां दिसूं नयेत, या विचारानें त्यांस घेरलें. त्यानंतर तेंच चित्र पुन्हा पाहावयास ते गेले, तेव्हां सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. या दुसऱ्या फेरीकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. ज्या वेडापायीं पुढें घरांतलें भांडें न् भांडें बाहेर जावयाचें होतें, तें वेड पत्नीस आधीं दाखविलें गेलें होतें. त्याचें महत्त्व पुढें येईल.

त्यापुढचे कित्येक महिने चित्रें पाहणें, परदेशी पुस्तकें व याद्या चाळणें, खेळण्यावजा यंत्रावर प्रयोग करणें यांतच गेले. झोपेस वेळ उरला नाहीं, आणि शेवटीं दृष्टि गेली. औषधोपचारांनीं ती परत आली, हें भाग्य. आमच्या जिल्ह्यांतलें तेर हें गोरोबाकाकांचें गांव. नामाच्या छंदांत चिखल तुडवितांना काकांच्या पायांखालीं स्वतःचें मूल आलें, ही कथा येथल्या प्रत्येक घरांत लहानपणींच सांगतात. संताची तल्लीनता आणि कलावंताची तल्लीनता एका मापानें मोजण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु तल्लीन मनुष्यास पायाखालचें दिसत नाहीं, तें घरच्यांनीं पाहावयाचें असतें, एवढा व्यवहार आम्हीं त्या कथेंतून घेतला आहे.

आतां पैशाची गोष्ट. फाळक्यांपाशीं वडिलोपार्जित जमीनजुमला नव्हता. होते ते आयुष्याच्या विम्याचे कागद. बारा हजारांचे ते कागद गहाण टाकून त्यांनीं दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते लंडनास निघाले. तेथें चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकाची व सेसिल हेपवर्थ या निर्मात्याची गांठ घेतली, चित्रशाळा पाहिली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फितीला भोंकें पाडण्याचें यंत्र व कच्ची फीत यांची मागणी नोंदविली, आणि एप्रिलच्या आरंभीं ते परत आले. विद्या आली, यंत्र आलें. पण चित्र काढण्यापुरते पैसे संपले.

येथें या पुरुषानें जें केलें, त्यासाठीं हा सारा लेख लिहावा असें आम्हांस वाटलें. ते सावकारांच्या दारीं योजना घेऊन गेले नाहींत. त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले आणि कुंडीपुढें कॅमेरा रोवला. महिन्याभराहून अधिक काळ त्या अंकुराचें थोडथोडें चित्रण केलें, आणि मग तें सारें एका मिनिटांत पडद्यावर दाखविलें: माती हलली, कोंब वर आला, पानें उलगडलीं. हें 'अंकुराची वाढ' नांवाचें चित्र त्यांनीं निवडक गृहस्थांस दाखविलें. तें पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनीं कर्ज देऊं केलें. मूठभर वाटाणे, एक कुंडी आणि एक महिना, एवढ्या भांडवलावर त्यांनीं सिद्ध केलें तें असें: मला ही विद्या येते, माझ्या अंगीं धीर आहे, आणि जें अन्य कोणी दाखवूं शकत नाहीं तें मी दाखवूं शकतों.

तरीही पैसा पुरा पडेना, तेव्हां सरस्वतीबाईंचे दागिने गेले. आणि चित्रासाठीं कथा निवडली ती राजा हरिश्चंद्राची! दिलेल्या शब्दापायीं राज्य सोडलेला, पत्नी आणि मूल विकलेला राजा. पुराणांतली ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां सांगितली असेल याची गणती नाहीं; पण फाळक्यांच्या घराकडे पाहत ती आम्हीं प्रथमच वाचली. विम्याचे कागद गहाण, अंगावरचें सोनें बाहेर, आणि चित्रांतला रोहिदास म्हणून उभा केलेला मुलगा भालचंद्र, तोही घरचाच.

भरतमुनींनीं पहिलें नाट्य आपल्या शंभर पुत्रांस शिकवून इंद्रध्वजाच्या उत्सवांत करून दाखविलें, असें नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायांत आहे. म्हणजे पहिली नाटकमंडळीही एका घरचीच. परंतु मुनींस एक सोय होती. सुकुमार वृत्तीचा अभिनय केवळ पुरुषांकडून साधणार नाहीं असें त्यांनीं सांगतांच ब्रह्मदेवानें अप्सरा निर्माण करून दिल्या. फाळक्यांच्या मदतीस ब्रह्मदेव आला नाहीं. तारामतीच्या कामास कोणीही स्त्री मिळेना. ज्यांचा धंदाच लोकांपुढें गाण्यानाचण्याचा, त्यांनींही नकार दिला. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहांत काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ तरुण, दहा रुपये पगारावरून पंधरा देऊन त्यांनीं आणिला आणि त्यास तारामती केलें. दत्तात्रेय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले. सिनेमांत काम करणें हें तेव्हां लोकांस कमीपणाचें वाटे, म्हणून कोणी विचारलें तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत नोकरीला आहों' असें सांगावयाचें, अशी शिकवण कंपनींतल्या माणसांस दिलेली होती.

या फॅक्टरीचा अर्धा कारभार दादरच्या त्या घरांतल्या स्वयंपाकघरांतून चाले. सारी मंडळी घरींच जेवणार. तेव्हां दोन्ही वेळचा रांधप सरस्वतीबाईंकडे. दिवसा चित्रण चाले तेव्हां उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडण्यासाठीं पांढरी चादर ताणून उन्हांत उभें राहावयाचें, तेंही त्यांच्याकडे. त्या काळीं कच्ची फीत भोंकें न पाडलेली येई. कॅमेऱ्याच्या दांत्यांत ती बसावी म्हणून दोहों कडांस सारख्या अंतरानें भोंकें पाडावीं लागत, आणि उजेड लागला कीं फीत फुकट म्हणून हें काम काळोखांत करावें लागे. मुलें निजल्यावर रात्रीं सरस्वतीबाई तें करीत. फीत धुण्याचीं रसायनें कालविणें, ती धुणें, वाळविणें हेंही त्या शिकल्या. परदेशांत यांतल्या एकेका कामास एकेक कारागीर असतो, हें दादासाहेब लंडनांत पाहून आले होते. येथें तीं सारीं कामें एका गृहिणीच्या दिनक्रमांत बसविलीं गेलीं, आणि तीं बसलीं.

सुमारें सात महिन्यांनीं ३,७०० फुटांचें चित्र पुरें झालें. २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया थिएटरांत तें निमंत्रितांस दाखविलें, आणि ३ मे १९१३ पासून गिरगांवांतील कोरोनेशन चित्रगृहांत लोकांसाठीं लागलें. त्यापूर्वीं एक वर्ष, १८ मे १९१२ रोजीं, दादासाहेब तोरणे यांचें 'श्री पुंडलिक' तेथेंच लागलें होतें, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. परंतु तें रंगभूमीवरच्या नाटकाचें चित्रण होतें, आणि त्याच्या फितीवरील प्रक्रिया परदेशांत झाली होती. कुंडीपासून पडद्यापर्यंत सारें एका छपराखालीं झालें तें फाळक्यांच्या घरीं.

पुढचीं वर्षें यशाचीं. त्याच सालीं कंपनी नाशिकास गेली. 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि स्त्रियांनीं पडद्यावर येण्याचा मार्ग मोकळा झाला. १९१४ सालीं दादासाहेब आपलीं चित्रें घेऊन पुन्हा लंडनास गेले. तेथेंच राहून काम करण्याविषयीं बोलणें आलें, तें त्यांनीं नाकारलें. आपली नाशिकची माणसें सोडून ते राहणार नव्हते. परत येतात तों महायुद्ध सुरू झालें आणि पैसे पुरविणाऱ्यांनीं हात आखडला. त्यांतून वर येऊन १९१७ सालीं त्यांनीं 'लंकादहन' काढलें. त्यांत राम आणि सीता दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांनीं केल्या. मद्रासेकडे या चित्राच्या उत्पन्नाचीं नाणीं बैलगाडींतून न्यावीं लागलीं, अशी हकीकत सांगतात.

हें येथवर वाचून आमचा कौल पुतण्याकडे झुकूं लागला होता. तेव्हां पुढचीं पानें उलटणें भाग होतें.

१९१८ सालीं पांच भांडवलदारांच्या भागीदारींत 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. आतां पैसा मुबलक झाला. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' या चित्रांत कन्या मंदाकिनी हिनें बाळकृष्ण केला, आणि लोकांनीं तो डोक्यावर घेतला. परंतु ज्यानें पैसा घातला तो हिशेब मागणार. चित्रास किती लागेल, केव्हां पुरें होईल, हें आधीं सांगा म्हणणार. दादासाहेबांची रीत अशी कीं काम मनासारखें होईतों खर्चाकडे पाहावयाचें नाहीं. सरस्वतीबाईंनीं त्यांस कधीं हिशेब विचारला नसेल. भागीदारांनीं विचारला, आणि बिनसलें. दोन वर्षांच्या आंतबाहेर ते सारें सोडून काशीस गेले. तेथें 'रंगभूमि' नांवाचें नाटक लिहिलें. १९२२ सालीं ते परत आले, पण आपण उभ्या केलेल्या कंपनींत आतां पगारी माणूस म्हणून.

चित्रें त्यांनीं पुढेंही पुष्कळ काढलीं. एकूण ९५ मोठीं व २६ लघुचित्रें अशी त्यांची गणना करतात. परंतु काळ फिरला होता. १९३१ मध्यें 'आलम आरा'नें पडद्यास वाचा फुटली. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें पहिला मराठी बोलपट काढला, तो 'अयोध्येचा राजा', म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच! ज्या कथेनें दादासाहेबांनीं मूकपटाचा आरंभ केला, तीच कथा दुसऱ्यांच्या हातून बोलूं लागली. त्यांचें स्वतःचें 'सेतुबंधन' मूक म्हणून तयार झालें, आणि मागाहून त्यास आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठीं १९३७ सालीं काढलेलें 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव मूळचा बोलपट, आणि तेंच शेवटचें चित्र. १९३९ सालीं मुंबईस चित्रव्यवसायाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हां या धंद्याच्या जनकास राहावयास घर हवें, याची आठवण व्ही. शांताराम यांनीं करून दिली आणि निर्मात्यांनीं कांहीं निधि जमविला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास दादासाहेबांचें देहावसान झालें. १९६९ सालापासून त्यांच्या नांवानें भारत सरकार चित्रपटसृष्टींतला सर्वोच्च पुरस्कार देतें. ज्या चित्रानें हें सारें सुरू झालें, त्या 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकीं केवळ पहिलें आणि शेवटचें उरलें आहे.

येथें पोथी मिटली. यश मिळालें कीं नाहीं, हा प्रश्न आम्हीं बाजूस ठेवला. कारण उत्तर दोन्हीं बाजूंनीं देतां येतें, आणि पुतण्याच्या यशापयशाचें भविष्य सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. आमच्यापुढचा प्रश्न लहान होता. घरांतल्या एकाच्या ध्यासासाठीं घरानें आपलें कांहीं पणास लावावें काय, आणि लावावयाचें तर कोणत्या रीतीनें? चरित्रांतून आम्हांस तीन गोष्टी दिसल्या. पहिली ही कीं, फाळक्यांनीं मागण्याआधीं दाखविलें. वाटाणा आधीं उगवला, कर्ज मागाहून आलें. दुसरी ही कीं, ज्या बाईच्या अंगावरचें सोनें गेलें, तिनें तें चित्र आधीं पाहिलें होतें आणि त्या कामांत तिचे हात होते. ती नुसती देणारी नव्हती, करणारीही होती. तिसरी ही कीं, हिशेबाचा त्यांस कंटाळा होता, आणि ज्या दिवशीं हिशेब परक्यांच्या हातीं गेला त्या दिवसापासून कारखानाही परका झाला. पहिल्या दोहोंत त्यांचें अनुकरण करावें, तिसऱ्यांत करूं नये, असें आमचें मत झालें.

याच वेळीं एक लाजिरवाणी गोष्टही ध्यानांत आली. जमीन विकावी कीं नाहीं याची चर्चा आम्हां तिघां भावांतच चालली होती. अविभक्त कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत २००५ सालच्या दुरुस्तीपासून मुलींचाही मुलांइतकाच जन्मतः हक्क आहे. आमच्या दोन बहिणी, एक सोलापुरास आणि एक लातुरास, यांस कोणीं विचारलेंच नव्हतें. भाऊबीजेस दोघीही येऊन ओवाळून गेल्या. त्यांच्यासमोर आम्हीं अनारसे खाल्ले आणि जमिनीचा विषय काढला नाहीं. कायदा ठाऊक नव्हता असें नाहीं. विचारण्याची संवय नव्हती.

आठव्या दिवशीं दोघी बहिणींस पुन्हा बोलावून घेतलें, आणि साऱ्या मंडळीस सोप्यांत बसविलें, बायकांसह. वर सांगितलेलें चरित्र आम्हीं थोडक्यांत कथन केलें. आणि मग प्रथम विचारलें तें पुतण्याच्या पत्नीस. ती शाळेंत गणित शिकविते. क्षणभर तिनें सासऱ्यांकडे पाहिलें, आणि म्हणाली, "अण्णा, जमीन विकूं नका असें मी म्हणणार नाहीं, आणि विका असेंही नाहीं. ह्यांनीं मला गोष्ट सांगितली आहे. काम अजून दाखविलेलें नाहीं. आधीं वाटाणा दाखवावा, मग शेताचें बोलूं."

आमचे धाकटे बंधू हंसले. आठ दिवसांत प्रथमच. पुतण्याचा चेहरा उतरला, पण तो उठून गेला नाहीं, हें आम्हीं त्याच्या पदरीं जमा धरलें. सोलापूरची बहीण म्हणाली, "पोराला अगदींच रिकाम्या हातानें नका पाठवूं." मग ठरलें तें असें. जमीन आहे तशी राहील. घराच्या एकत्र शिलकींतून साठ हजार रुपये द्यावयाचे, तेवढ्यांत एक लहान चित्र करून आणावयाचें, आणि पैशाची वही सूनबाईंनीं ठेवावयाची. पुतण्यानें विषय विचारला. आम्हीं म्हटलें, "विषय तुझा. पण तेर जवळ आहे, आणि तेथें अजून चाक फिरतें."

फाल्गुनांत तो अकरा मिनिटांचें चित्र घेऊन आला. तेरच्या एका म्हाताऱ्या कुंभाराचा एक दिवस त्यानें टिपला होता. सोप्यांतली भिंत झाडून तिच्यावर पांढरी चादर लावली. एक टोंक सूनबाईंनीं धरलें होतें, खिळा मिळेपर्यंत. गोरोबाकाकांनीं थापटी मारून संतांचीं मडकीं कच्चीं कीं पक्कीं तें पाहिलें म्हणतात. तशी परीक्षा करण्याची आमची योग्यता नाहीं, तरी मास्तराच्या संवयीनें गुण द्यावेसे वाटलेच. दोन ठिकाणीं कॅमेरा उगाच धांवतो. मागें वाजविलेलें संगीत अनावश्यक आहे. परंतु चाकावर ओली माती उभी राहते, आणि म्हाताऱ्याचा अंगठा तिच्यांत हळूच शिरतो, तेव्हां घरांत कोणी बोललें नाहीं. आमचे धाकटे बंधू "पुन्हा लाव" म्हणाले. आणि दुसऱ्यांदां पाहून झाल्यावर, प्रकाश बरा पडला आहे, एवढेंच म्हणाले.

जमिनीचा विषय पुढच्या दिवाळीवर गेला आहे. यंदां तिच्यांत ज्वारी होती, ती घरीं आली. सूनबाईंची वही आम्हीं तपासली. खर्च ठरलेल्या रकमेपेक्षां अकराशें चाळीस रुपये अधिक झाला आहे. ते तिनें पुतण्याच्या नांवें येणें म्हणून मांडून ठेवले आहेत, आणि वसूल होईपर्यंत पुढचें पान उघडणार नाहीं असें त्यास सांगितलें आहे.